पणजोबा "बसऱ्याला गेले होते" म्हणतात, पण नक्की कुठे? लढाईत गेलेल्या माणसाच्या घरातल्या आठवणी कशा गोळा करायच्या

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे "आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते" एवढं एक वाक्य पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं आणि त्यापुढे विचारलं की सगळे गप्प. आमच्याही घरी तसंच होतं. आता ज्यांनी त्या माणसांना डोळ्यांनी पाहिलंय अशी मंडळी पण ऐंशी-नव्वदीत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी मुख्यतः पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाबद्दल म्हणजे आजच्या इराकबद्दल (बसरा हे तिथलंच बंदर, आणि तेव्हा तो मुलूख तुर्कांच्या ताब्यात होता) आणि त्यातही तिथल्या कूत गावाच्या वेढ्याबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या मराठा पलटणी तिथे सगळ्यात जास्त भरडल्या गेल्या. पण पद्धत दुसऱ्या महायुद्धालाही तशीच्या तशी लागू होते.

पहिली गोष्ट, आधी माणसं आणि मग कागद. बरेच जण उलटं करतात, आधी नेटवर शोधत बसतात आणि सहा महिन्यांनी आजीकडे जातात. लंडनमधली फाइल शंभर वर्षं तिथे आहे, ती अजून दोन वर्षं राहील. आजीचं तसं नाही. त्यामुळे या सुट्टीत गावाला जाणार असाल तर बाकी काही नका करू, फक्त बोलून या.

आणि विचारताना "पणजोबांनी युद्धात काय केलं?" असं विचारू नका. याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण ते घरी सांगायचेच नाहीत. प्रश्न घरातला विचारायचा. ते काय खायचे नाहीत? कशाला चिडायचे? रात्री ओरडत उठायचे का? पायाला, हाताला काही खूण होती का? कुठली भाषा मध्येच बोलायचे, कुठला शब्द? पेन्शन आणायला कुठे जायचे, कोणाला बरोबर न्यायचे? घरात कुठली वस्तू कुणाला हात लावू द्यायचे नाहीत? आमच्या आत्याला मी युद्धाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली मला बाबा काय माहीत, मी परकर-पोलक्यात होते. पण जेवणाचं विचारल्यावर ती लगेच म्हणाली की आजोबा जात्याच्या पाळीत राहिलेलं पीठ पण बोटाने गोळा करून घ्यायला लावायचे, सुपाला चिकटलेलं सुद्धा झटकू द्यायचे नाहीत, आणि बायका त्यावरून मागून हसायच्या की म्हातारा किती चिकट. पुढे कूतमध्ये शिपायांना शेवटी किती पीठ मिळत होतं ते वाचलं आणि मग तिला फोन करून सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. मोबाइल पुरतो, फ्लाइट मोडवर टाका नाहीतर मध्येच कॉल येतो, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि त्यांचं त्या माणसाशी नातं मोठ्याने बोलून घ्या. मोबाइल तोंडासमोर धरू नका, बाजूला पाटावर ठेवा. दोन म्हातारी माणसं एकत्र बसवली तर सोनं, कारण एक काही बोललं की दुसरी म्हणते "न्हाय गं, ते तवा नव्हतं, ते नंतर", आणि तिथेच खरी माहिती निघते. फक्त मध्ये मध्ये स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या काकांना प्रेमाने चहा सांगायला पाठवा. हातात वस्तू द्या, मेडल, जुना फोटो, टोपीचा बिल्ला, काहीही. वस्तू हातात आली की माणूस बोलतो. आणि नंतर लिहून काढताना त्यांची भाषा सुधारू नका, त्या जशा बोलल्या तसंच लिहा, मालवणी असेल तर मालवणी, घाटावरची असेल तर घाटावरची. कुठे थांबल्या, कुठे रडल्या, तेही कंसात लिहा. हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना विचारा, काही गोष्टी त्यांनी फक्त तुम्हाला सांगितलेल्या असतात.

आता वस्तू. मेडलं बहुतेक घरांत देव्हाऱ्यात किंवा जुन्या ट्रंकेत असतात आणि खंडेनवमीला बाहेर काढून चिंच लावून घासतात. हात जोडून विनंती, घासू नका. मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि दरवर्षी घासून घासून ती अक्षरं जातात. तुमच्या सगळ्या शोधाची किल्ली ती एक ओळ आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून कडेवर प्रकाश टाका आणि मेडल हळूहळू फिरवत फोटो काढा, अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पुसट झालेलंही वाचता येतं. नाहीच जमलं तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. जे दिसेल ते तसंच उतरवा, अंदाजाने अक्षर भरू नका.

पहिल्या महायुद्धाची साधारण तीन मेडलं सापडतात. एक ब्राँझचा स्टार, त्यावर आडव्या तलवारी आणि १९१४-१५, याचं नाव मागच्या बाजूला कोरलेलं असतं. दुसरं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला माणूस. तिसरं व्हिक्टरी मेडल, पंखवाल्या बाईचं, आणि त्याची रिबन इंद्रधनुष्यासारखी. तुमच्याकडचं घोड्याचं मेडल चांदीचं नसून ब्राँझचं असेल तर ते नकली म्हणून बाजूला टाकू नका. लेबर कोअरमधल्या लोकांना ते ब्राँझमध्ये दिलं जायचं, म्हणजे तुमचे पणजोबा बंदूकवाले शिपाई नसून रस्ते, रेल्वे, बंदरावर काम करणारे असू शकतात. यात कमीपणा वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, ती माणसंही तिथेच मेली. आणि तळहातापेक्षा मोठी, साधारण १२ सेंटिमीटरची गोल ब्राँझची चकती, तिच्यावर सिंह आणि बाई आणि चौकटीत नाव, अशी वस्तू घरात असेल तर तो माणूस परत आला नाही. ती फक्त मेलेल्याच्या घरी पाठवायचे. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार सहा टोकांचे असतात आणि ते माणूस कुठे होता हे थेट सांगतात, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार.

पलटणीचा नंबर मिळाला की एक घोळ आधी समजून घ्या, यात भले भले अडकतात. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींचे नंबर बदलले. १०३ नंबरची मराठा लाइट इन्फंट्री पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली (हीच जंगी पलटण), १०५ ची दुसरी म्हणजे काळी पाचवी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर ११७ असेल आणि म्हातारपणीच्या पेन्शनच्या कागदावर दुसरंच काही असेल तर दोन वेगळी माणसं समजू नका. शिवाय सगळे मराठा पलटणीतच होते असं नाही. खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे पूल-रस्ते-खंदक बांधणारे होते, १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण होती जी १९२१ मध्ये मोडली, खेचरं हाकणारे होते, भिस्ती होते, स्वयंपाकी होते. आणि कोकणातले खलाशी तर जहाजांवर मेले, त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, दोन हजारांहून जास्त नावं आहेत त्यात. तुमच्या घरात "ते बोटीवर होते" असं सांगत असतील तर आधी तिकडे जा.

आता घरातली गोष्ट लढाईच्या तारखांना लावून बघायची. यासाठी मेसोपोटेमियाचा घटनाक्रम डोक्यात हवा. पूना डिव्हिजन म्हणजे सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या दक्षिणेला किनाऱ्यावर फावला उतरली आणि त्याच महिन्यात २२ तारखेच्या सुमारास बसरा घेतलं. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाची लढाई. मग सप्टेंबरच्या शेवटी कूत घेतलं आणि तिथे थांबायचं सोडून वरच्यांच्या हट्टापायी जनरल टाउनशेंडची ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे ढकलली. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली, त्यात मेलेले-जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं पडली, आणि जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून मैलोन्‌मैल खडबडीत वाटेने नदीपर्यंत आणलं. लंडनमध्ये नंतर यावर चौकशी कमिशन बसलं, १९१७ मध्ये त्याचा रिपोर्ट आला. तर तुमच्या घरात "गाडीत घालून आणला, गाडीतच अर्धा मेला" असं काही सांगत असतील तर ती अतिशयोक्ती नाही, ती बहुधा टेसिफॉनची आठवण आहे.

तिथून माघार घेत सगळे ३ डिसेंबरला कूतला आले आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. कूत म्हणजे टायग्रिस नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेलं एक लहानसं गाव. तिथे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. १४७ दिवस. खंदकात पुराचं पाणी, डोक्यावर तोफा, आणि पोटात हळूहळू काहीच नाही. गोऱ्या सोल्जरांनी घोडे-खेचरं कापून खायला सुरुवात केली, आपल्या लोकांनी धर्म जाईल म्हणून कित्येक आठवडे तोंडात घेतलं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली तरी बरेच जण एप्रिलपर्यंत अडून बसले, कारण गावात परत गेल्यावर पंगतीला कोण बसवणार ही भीती होती. पिठाचं रेशन कमी कमी होत मुठीवर आलं. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, मग माणसं खंदकाच्या आसपास उगवलेलं गवत-पाला भाजी म्हणून शिजवून खायला लागली आणि त्यातही काही विषारी निघालं. विमानातून धान्याच्या गोण्या टाकल्या, काही नदीत पडल्या, काही तुर्कांकडे. २४ एप्रिलला जुलनार नावाची बोट २७० टन सामान घेऊन रात्री घुसायला निघाली आणि अडकली. सोडवायला आलेल्या फौजेची मेलेले-जखमी मिळून २३ हजार माणसं पडली, ती कूतपर्यंत पोचलीच नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, १३ हजारांच्या आसपास लोक कैदेत.

हे एवढं लांबून सांगितलं कारण घरातल्या गोष्टींतली बारीक बारीक कोडी इथे सुटतात. "गवत खाऊन राहिले", "घोड्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचे", "दात लवकर पडले" ही वाक्यं सुटी सुटी ऐकली तर म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटतो. मात्र एक लक्षात ठेवा, घोड्याच्या मांसाबद्दल घरी थेट विचारू नका आणि कुणी "नाही खाल्लं" म्हणालं तर वाद घालू नका. त्या माणसाने ते आयुष्यभर कशासाठी लपवलं असेल याचा विचार करा, आणि जे सांगितलं तेच लिहा.

शरणागतीनंतरचं तर त्याहून वाईट. अधिकाऱ्यांना वेगळं केलं आणि साध्या शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेलं, बगदाद, मोसुल, पुढे आजच्या सीरियातलं रास अल-ऐन, जिथे रेल्वेच्या कामावर जुंपलं. हगवण, ताप, उपासमार, मार. हजारो लोक त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत संपले. जे जगले ते १९१८ च्या शेवटी किंवा १९१९ मध्ये घरी आले, तोपर्यंत घरच्यांना धड खबर नसायची. आमच्याकडे सांगतात की पणजोबा मेले असं धरून पणजीचं कुंकू पुसलं होतं आणि एक दिवस ते बांधावरून चालत आले, पहिल्यांदा कुत्र्याने ओळखलं. यातलं कुंकवाचं तीन वेगवेगळ्या जणांनी सांगितलं, कुत्र्याचं एकीनेच. मी दोन्ही लिहून ठेवलंय, कोणी सांगितलं त्या नावासकट. तुम्हीही तसंच करा. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडून दुसरी ठेवू नका. मात्र तारीख, जागा आणि पलटण या बाबतीत कागद खरा धरायचा. थोरल्या घरात "जर्मनाची गोळी लागली" म्हणत असतील आणि पलटण मेसोपोटेमियात असेल तर गोळी तुर्काचीच असण्याची शक्यता जास्त, कारण गावात त्या अख्ख्या युद्धाला जर्मनची लढाईच म्हणायचे.

अजून एक, मनापासून. कैदेचं लपवू नका. कितीतरी घरांत "आमचा म्हातारा शरण गेला" हे सांगायला आजही संकोच करतात आणि मग त्या जागी दहा तुर्क कापल्याची गोष्ट येते. शरण जायचा निर्णय टाउनशेंडचा होता, उपाशी शिपायाचा नव्हता. पाच महिने भुकेने मरत खंदक धरून ठेवला आणि मग अडीच वर्षं कैदेत जगून परत आला, याच्यापुढे दहा तुर्क काय.

कागदांकडे वळू. जे मेले त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट, फुकट आहे, सर्च करता येते. मेसोपोटेमियात ज्यांची कबर किंवा चितेची जागा माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांचं स्मारक बसरा मेमोरियल आहे, पण तिथे दगडावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा टाकला. याचा राग येतो, यायलाच हवा. नावं रजिस्टरमध्ये आहेत आणि ती वेबसाइटवर मिळतात, बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही दिलेला असतो. शोधताना स्पेलिंगवर विसंबू नका, पलटणीच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. शिंद्याचं सिंदे, जाधवचं जादो, आणि कित्येकदा आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून आडनावाऐवजी पलटण आणि गावाच्या नावाने चाळा. जिल्हे जुने धरा, सिंधुदुर्ग तेव्हा नव्हता, त्याचा बराच भाग रत्नागिरीत, रायगडचं नाव कुलाबा, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात, आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर ही संस्थानं.

कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातली कार्डं आणि याद्या ऑनलाइन टाकल्यात. हिंदी शिपायांच्या नोंदी त्यात शोधायला चिकाटी लागते, पण बघाच. पलटण रोज कुठे होती ते वॉर डायरीत असतं, त्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टलही चाळा. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचित येतं, पण अमुक दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती एवढं कळतं. पंजाबच्या शिपायांची लाहोरला मिळालेली रजिस्टरं आता ऑनलाइन आहेत, पण ती फक्त पंजाबची, आपल्याकडची नावं त्यात शोधत वेळ घालवू नका. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला साधं पत्र लिहा, नंबर, नाव, बापाचं नाव, गाव आणि मेडलचे फोटो जोडून. उत्तराला वेळ लागतो आणि इतकं जुनं रेकॉर्ड मिळेलच असं नाही.

आणि गावातलं विसरू नका, खरं तर कागदात मला सगळ्यात भरवशाचं तेच वाटतं. पुष्कळ गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून त्या युद्धात ४६ जण गेले ते आलेच नाहीत. तुमच्या गावची पाटी रंगाखाली झाकली गेली असेल तर सरपंचांना सांगून नुसती ओल्या फडक्याने पुसून घ्या, खरवडू नका. घरात जमिनीचे जुने फेरफार काढा, जंगी इनाम म्हणून काही मिळालं असेल तर नोंद सापडते. दक्षिणेकडे असाल आणि घरी हेळवी म्हणजे पिढीजात वंशावळ ठेवणारे येत असतील तर त्यांच्याकडून वंशावळ वाचून घ्या, कुठला भाऊ बिनवारस गेला ते तिथे कळतं, आणि बहुतेकदा तोच पलटणीतला असतो.

हे सगळं जमलं की एका वहीत डावीकडे घरच्यांनी सांगितलेलं आणि उजवीकडे कागदात मिळालेलं असं समोरासमोर लिहा. मेडलचे, कागदांचे फोटो निदान तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा, नुसत्या एका मोबाइलवर नको.

आणि शोधूनही वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत तुमच्या माणसाचं नाव नसेल तर तिथे थांबू नका. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात जो सेवेत असताना किंवा त्या सेवेतल्या जखमेने, आजाराने मेला त्याचं नाव यादीत यायला हवं, मग तो रास अल-ऐनला मेला असो किंवा घरी येऊन सहा महिन्यांत खोकून खोकून मेला असो. पुरावे देऊन अर्ज करता येतो. गावचं मृत्यू रजिस्टर, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद, विधवा पेन्शनचा एखादा कागद, मेडलच्या कडेचा फोटो, जे असेल ते इंग्रजी भाषांतरासह पाठवा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच रिपोर्ट काढून कबूल केलंय की हिंदी आणि आफ्रिकी शिपायांच्या नोंदीत मोठा अन्याय झाला, आणि राहिलेली नावं घ्यायचं काम त्यांच्याकडे सुरू आहे. तेव्हा कोतवाल बुकासाठी तहसील कार्यालयात अर्ज टाका, नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून गावाला पोचल्याच्या पहिल्या दिवशीच टाका.